दहा अँपिअर कशाचे?

पावसाळा उघडला आणि रब्बीसाठी मोटारी सुरू झाल्या, की माझ्या टेबलावर जळके रिले आणि पत्रं बरोबरच यायला लागतात. या खेपेला घरच्या वायरिंगचे आणि इन्व्हर्टरचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत. आज फक्त रिले आणि कॉन्टॅक्टर. रिले म्हणजे आतल्या कॉईलला, म्हणजे तारेच्या वेटोळ्याला, थोडा करंट देऊन मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच, आणि कॉन्टॅक्टर म्हणजे जड भारासाठीचा त्याचा थोरला भाऊ.

प्रश्न : ताई, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या बोअरवर दीड एचपीची सिंगल फेज पाणबुडी मोटार आहे. आजोबांना रात्री शेतात जावं लागू नये म्हणून मी मोबाईलवरून चालू-बंद होणारं सर्किट केलं. त्यात निळा रिले वापरला. त्यावर १० अँपिअर, २५० व्होल्ट असं छापलंय आणि मोटारीच्या प्लेटवर ९.५ अँपिअर आहे. एकोणीस दिवस सगळं नीट चाललं. विसाव्या रात्री मी फोनवरून बंद केली, फोनवर बंद दिसलीही, पण मोटार चालूच राहिली. सकाळपर्यंत बोअर आटला आणि मोटार जळाली. आजोबा काही बोलले नाहीत, पण मला फार लागलंय. रिले नकली होता का?
– रेणापूर तालुक्यातून

उत्तर : बाळा, नकली असेलही, पण अस्सल रिलेनेही तुला हाच दिवस दाखवला असता, फार तर आणखी महिन्याभराने. तू रिलेवरचा आकडा वाचलास, मोटारीच्या प्लेटशी जुळवलास, एवढं तर पुष्कळ मिस्त्रीही करत नाहीत. घोटाळा झाला तो आकड्यामागे न छापलेल्या अटींमुळे.

ते १० अँपिअर आहेत नुसत्या तापणाऱ्या भाराचे. पाणी तापवायची कांडी, शेगडी, इस्त्री. अशा भाराला चालू करताना जेवढा करंट लागतो तेवढाच चालताना, आणि बंद करतानाही तेवढाच. मोटारीचं तसं नाही. थांबलेली मोटार चालू होताना पहिल्या क्षणी पाच-सहा पट करंट ओढते. तुझ्या साडेनऊचे झाले पन्नासच्या आसपास. टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती अडकवून करंट मोजणारं मीटर, लावून आकडा पाहायला गेलास तर तो दिसायच्या आत ओसरलेला असतो, म्हणून बहुतेकांना तो ठाऊकच नसतो.

आता रिलेच्या आत काय होतं ते बघ. पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे चांदीचे दोन तुकडे, मिटतात ते एका झटक्यात मिटत नाहीत. काही मिलिसेकंदांत दोन-चारदा उडतात आणि मग बसतात. प्रत्येक उडीला ठिणगी पडते, आणि ती बरोबर त्याच वेळी जेव्हा करंट सगळ्यात जास्त आहे. चांदी ९६२ अंशाला वितळते आणि ठिणगीची आच त्याच्या कितीतरी पुढे जाते. वितळलेल्या थेंबावर पॉइंट बसतात, थेंब गार होतो आणि डाग दिल्यासारखे दोन्ही पॉइंट जुळतात. सुरुवातीला हा डाग इतका बारीक असतो की रिलेची स्प्रिंग तो तोडून टाकते. रोज तोडते, आणि रोज पृष्ठभाग थोडा जास्त खडबडीत होतो. एकोणीस दिवस तुझी स्प्रिंग जिंकली. विसाव्या रात्री तिला तो डाग तुटला नाही.

माझे अप्पा लातूरच्या गंजगोलाईमागच्या दुकानात मोटारी भरायचे, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचे. त्यांच्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असे चिकटलेले पॉइंट साठवलेले होते. शिकाऊ पोरगं आलं की पहिल्या दिवशी तो डबा त्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, ‘हे काय करूलालंय ते सांग.’ तो डबा आता माझ्याकडे आहे.

तुझ्या पत्रातली दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. फोनवर बंद दिसली. तुझ्या फोनने तुला मोटारीची नाही, तुझ्याच हुकुमाची खबर दिली. तू ‘बंद’ म्हणालास, सर्किटने कॉईलचा करंट काढला आणि ‘बंद’ असं कळवलं. पॉइंट खरोखर सुटले का, हे कुणी पाहिलंच नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, त्या वर्षी कोरड्या बोअरमध्ये फिरून जळालेल्या मोटारी माझ्याकडे रांगेने लागल्या होत्या. पाणबुडी मोटारीचं गार होणं आणि तिच्या बेअरिंगचं वंगण, दोन्ही पाण्यावरच असतं. पाणी गेलं की तिला फार वेळ मिळत नाही. म्हणून मोटार चालू आहे की बंद, हे मोटारीच्या तारेतून वाहणाऱ्या करंटवरूनच कळलं पाहिजे. एका तारेवर करंट मोजणारा छोटा सेन्सर बसव. कोरडी फिरते तेव्हा मोटारीचा करंट नेहमीपेक्षा बराच उतरतो, त्यामुळे त्याच सेन्सरवर पाणी संपल्याचाही इशारा घेता येईल. पण इशारा मिळाल्यावर तोडणारं साधन चिकटलेला रिले असून चालत नाही, हे ध्यानात ठेव.

तेव्हा मोटारीचा भार त्या निळ्या रिलेवर ठेवूच नकोस. रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची कॉईल चालवावी आणि मोटार कॉन्टॅक्टरने. कॉन्टॅक्टर घेताना दुकानदाराला ‘पंचवीस अँपिअरचा द्या’ एवढंच म्हणू नकोस. एकाच कॉन्टॅक्टरवर एसी-१ पुढे २५ आणि एसी-३ पुढे ९ असे दोन आकडे असू शकतात. एसी-१ म्हणजे शेगडीसारखा भार, एसी-३ म्हणजे मोटार. तू एसी-३ चा आकडा बघ आणि तुझ्या मोटारीसाठी १८ चा घे. १२ चाही चालेल, पण आपल्याकडच्या उन्हात आणि कमी व्होल्टेजमध्ये मी तरी हात सैल ठेवते. तो मोटारीच्या कपॅसिटरच्या पेटीआधी जोड.

कॉन्टॅक्टरची कॉईलही तारेचं वेटोळंच आहे, तोडताना तीही उलटा झटका देते. तिच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा २७५ व्होल्ट एसीचा कपॅसिटर आणि १०० ओहमचा रेझिस्टर एकामागे एक जोडून लाव. रिलेच्या पॉइंटवर लावू नकोस. तिथे लावलास तर पॉइंट उघडे असतानाही सात मिलिअँपिअर गळत राहतात, आणि एखादी नाजूक कॉईल तेवढ्यावरही गुणगुणते. एसी कॉईलवर डायोड तर अजिबात नको.

जुना रिले टिचकी मारल्यावर सुटला असेल आणि आता ‘टिक’ आवाजही देत असेल. तो परत वापरू नकोस. एकदा चिकटलेला पॉइंट दुसऱ्यांदा लवकर चिकटतो. आणि रिले बंद आहे म्हणून मोटारीच्या तारेला कुणी हात लावू नये. त्याच्या पॉइंटमधली फट मिलिमीटरभरही नसते आणि तो तोडतो एकच तार. दुरुस्तीला हात घालण्याआधी दोन्ही तारा तोडणारा एमसीबी पाडायचा, मग टेस्टर लावून बघायचं.

आजोबा बोलले नाहीत, कारण रात्रीची चक्कर वाचावी म्हणून तू ते केलंस हे त्यांना कळतं. नवी मोटार बसली की हे जोड आणि मला कळव.

प्रश्न : पाच व्होल्टचा रिले मायक्रोकंट्रोलरच्या पायाला सरळ जोडला तर चालतो का? माझा कधी लागतो, कधी नाही.
– आयटीआय विद्यार्थी, हिंगोली

उत्तर : नाही. मीटरने कॉईल मोज, साधारण ७० ओहम येईल. ५ व्होल्टला ७० मिलिअँपिअर झाले, आणि तुझा पाय २० च्या आसपासच सुखाने देऊ शकतो. मध्ये ट्रान्झिस्टर घाल. बीसी५४७ ची मर्यादा १०० आहे, चालेल, पण थोडा दमदार घेतलास तर बरं. कॉईलवर १एन४००७ डायोड उलटा लाव, पट्टी प्लसकडे. डायोड विसरलास तर कॉईल सोडताना उठणारा झटका ट्रान्झिस्टर मारतो, आणि दोष मात्र रिलेवर जातो.

प्रश्न : ताई, विहिरीवर पाच एचपीची थ्री फेज मोटार हाय. रात्रपाळीची लाईट आली की स्टार्टर गुरगुरतो, धरत नाही, सोडत नाही. तीन वर्षांत चार कॉईली जळाल्या. शेजारच्यानं सांगितलं म्हणून आता हिरव्या बटनापाशी लाकडाची खुंटी मारून ठेवतो, मग चालतो. हे कितपत बरोबर?
– शेतकरी, ता. कळंब

उत्तर : दादा, हे वाचून झाल्यावर पहिलं काम म्हणजे ती खुंटी काढा. बाकीचं मग बोलू.

तुमच्या स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले मोटारीच्या जाड तारा स्वतः तोडत नाही. त्याच्या पट्ट्या तापून वाकतात आणि तो कॉईलकडे जाणारी बारीक तार तोडतो. कॉईल सुटली की कॉन्टॅक्टर सुटतो, कॉन्टॅक्टर सुटला की मोटार. खुंटीने कॉन्टॅक्टर दाबून धरलात तर ओव्हरलोडने टाहो फोडला तरी ऐकणारं कुणी नाही. एक फेज गेला, मोटार दोन फेजवर घुमत राहिली, तरी ती सुटणार नाही. लाईट जाऊन परत आली की तुम्ही जवळ असा-नसा, आपोआप फिरायला लागेल, आणि त्या वेळी कुणी पंपाशी वाकलेलं असू शकतं.

आता गुरगुरण्याचं. तुमची कॉईल ४१५ व्होल्टची. कॉन्टॅक्टर नीट ओढण्याची हमी ८५ टक्क्यांपर्यंत असते, म्हणजे सुमारे ३५३ व्होल्ट. रात्री मोटार चालू करताना दोन फेजांमध्ये मीटर लावून बघा. ३३० दिसले तर तो अर्धवटच ओढणार. एसी कॉईलचा गुण असा, की लोखंडी गाभा पूर्ण मिटेपर्यंत ती नंतरच्या कितीतरी पट करंट खाते. मिटला की शांत होते. अर्धवट राहिलेली कॉईल तो जास्तीचा करंट खातच राहते, म्हणून तुमच्या चार जळाल्या. शिवाय गाभा थरथरतो तसे पॉइंटही थरथरतात, आणि प्रत्येक थरथरीला मोटारीचा सुरुवातीचा करंट तुटतो-जुळतो. ३३० व्होल्टला मोटारीची ताकदही ६३ टक्क्यांवर येते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाने घसरते. खुंटीने कॉन्टॅक्टर धरेल, मोटारीची ताकद परत येणार नाही.

एक शक्यता आधी तपासा. व्होल्टेज ठीक असूनही गुरगुर असेल तर लाईट पाडून गाभा उघडा. त्याच्या तोंडावर तांब्याची छोटी कडी बसवलेली असते. ती तडकली की कॉन्टॅक्टर गुणगुणतो. तोंडावर गंज, माती, मेलेल्या मुंग्या असतील तर कोरड्या फडक्याने पुसा. तेल-ग्रीस लावू नका, कानस घासू नका. पॉइंट काळे दिसले म्हणून त्यांना पॉलिश पेपर मारू नका. तो काळपटपणा बहुधा चालतो. घासून गेलेली चांदी परत येत नाही. खड्डे पडले, कडा वितळल्या, तर पॉइंटचा सेटच बदला.

व्होल्टेजच कमी असेल तर तुमच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, किती मोटारी आणि किती ऑटो स्विच आहेत ते मोजा. लाईट आली की सगळे ऑटो एकाच सेकंदाला मोटारी उठवतात. प्रत्येक मोटार पाच-सहा पट ओढते, व्होल्टेज खाली बसतं, सगळ्यांचेच कॉन्टॅक्टर गुरगुरतात, आणि डीपी गेली की आठवडाभर पाणी नाही. ऑटो काढा आणि कपॅसिटर बसवा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय ते यासाठीच. लोक ऑटो काढत नाहीत, कारण मध्यरात्री विंचू-सापात उठून जायचं कुणाला सोसतं? ते मला पटतं. म्हणून माझं सांगणं वेगळं आहे. ऑटोपुढे उशिराने चालू करणारा टायमर लावा आणि डीपीवरच्या सगळ्यांनी बसून उशीर वाटून घ्या. पहिल्याने वीस सेकंद, दुसऱ्याने चाळीस, तिसऱ्याने साठ. वीस मोटारी असल्या तरी सात मिनिटांत सगळ्या लागतात. माझ्या माहेरच्या शिवारात हे केलंय. तिथे एका वयस्कर मामांनी वहीत सगळ्यांचे सेकंद लिहून ठेवलेत आणि कुणी टायमर बदलला तर ते स्वतः घरी जाऊन विचारतात.

ओव्हरलोडचा काटाही बघून घ्या. मोटारीच्या प्लेटवर जो अँपिअर आहे त्यावर तो हवा. पाच एचपीला तो साडेसात-आठच्या घरात असतो. सुटतो म्हणून बारावर नेऊन ठेवलेले काटे मी रोज बघते.

प्रश्न : पिल्लांच्या शेडमध्ये थंडीसाठी २०० वॅटचे दहा बल्ब लावलेत. तापमान बघून चालू-बंद करणारं यंत्र आहे, आत १० अँपिअरचा रिले. हिशेबाने ८.७ अँपिअर होतात. तरी दर थंडीत दोन रिले जातात. बल्ब तर मोटार नाही, मग?
– परभणी

उत्तर : ताई, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण तो पेटलेल्या बल्बचा आहे. गार बल्बची तार फार कमी अडवते. पेटण्याच्या पहिल्या क्षणी तो दहा ते पंधरा पट ओढतो. दहा बल्ब एकदम म्हणजे शंभर अँपिअरच्या आसपास. क्षणापुरताच, पण पॉइंट उडत असतात तोही हाच क्षण. बल्ब मोटारीपेक्षाही कडक भार आहे. तिथेही मध्ये कॉन्टॅक्टर घ्या.

आणि यंत्रात चालू-बंदमधलं अंतर किती ठेवलंय ते पाहा. अर्धा अंश ठेवलं असेल तर परभणीच्या डिसेंबरात ते मिनिटाला एकदा टिकटिक करत असेल. दिवसाला १,४४० वेळा. रिलेचं आयुष्य नुसतं हलवायला एक कोटी वेळा असतं, पण पूर्ण भारावर साधारण एक लाख वेळा, तेही शेगडीच्या भारावर. एक लाख भागिले १,४४० म्हणजे ६९ दिवस. तुमचे रिले हिशेबापेक्षा लवकर गेले ते बल्बमुळे. अंतर दोन अंश करा. पिल्लांना तेवढा फरक सोसतो का, हे तुमच्या पशुवैद्यकांना आधी विचारा, ते माझं क्षेत्र नाही.

प्रश्न : मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत पंप मिळाला. पॅनेलकडून येणारी तार दुरून तोडता यावी म्हणून रिले लावावा का? करंट आठ अँपिअरच आहे.
– ता. अंबड

उत्तर : भाऊ, लावू नका. पहिल्या पत्रातल्या त्याच निळ्या रिलेवर बारीक अक्षरात दुसरी ओळ असते, १० अँपिअर, ३० व्होल्ट डीसी. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि त्या वेळी ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसी शून्यावर येतच नाही. बहात्तर सेलच्या एका पॅनेलचं उघडं व्होल्टेज पंचेचाळीस-पन्नासच्या घरात जातं. असे आठ एकामागे एक जोडले की साडेतीनशे-चारशे. तेवढ्या दाबावर तुमचा रिले पॉइंट उघडेल, पण मधली ज्वाळा विझणार नाही. ती आधी पॉइंट खाईल, मग रिलेचं प्लास्टिक. लोकांना वाटतं अँपिअर कमी आहे म्हणजे झालं. डीसीला आधी व्होल्ट विचारायचे. तुमच्या कंट्रोलरला बाहेरून चालू-बंद करायची जोडणी आहे का ते बसवणाऱ्यांना विचारा. असेल तर तिथे छोटा रिले खुशाल वापरा. मात्र असे नाजूक सिग्नल असतील तर सोन्याचा मुलामा दिलेल्या पॉइंटचा घ्या. अगदी कमी करंटला चांदीवरचा थर जळत नाही आणि रिले चालू असूनही जोड लागत नाही. पॅनेलची तार तोडायला त्या व्होल्टेजचा डीसी आयसोलेटरच हवा.

प्रश्न : शेडनेटमध्ये ठिबकच्या वॉल्व्हसाठी बारा व्होल्टचे रिले आहेत. सकाळ-संध्याकाळ चालतात, मे महिन्यात दुपारी दोननंतर लागत नाहीत. कार्ड दोनदा बदललं.
– जालना

उत्तर : कार्ड निर्दोष असेल. तांबं तापलं की जास्त अडवतं, दर अंशाला ०.३९ टक्के. तुमची कॉईल २० अंशाला ४०० ओहम आणि ९ व्होल्टला ओढते असं धरा. म्हणजे तिला २२.५ मिलिअँपिअर लागतात. बाहेर ४२ अंश, पत्र्याची पेटी उन्हात, आत कॉईल ७० पर्यंत गेली तर ती ४७८ ओहमची होते. तेवढाच करंट द्यायला आता १०.८ व्होल्ट हवेत. बॅटरी १२ ची असली तरी लांबच्या बारीक तारेत दीड-दोन व्होल्ट सहज जातात. उरलेले साडेदहा व्होल्ट सकाळी पुरत होते, दुपारी पुरत नाहीत.

पेटी पश्चिमेच्या उन्हातून काढा, वर छप्पर करा आणि खालून-वरून हवा खेळेल अशी जाळी बसवा. मुंग्या शिरणार नाहीत एवढी बारीक. बॅटरीपासूनची तार जाड घाला. नवं कार्ड घेण्याआधी दुपारी अडीचला, रिले लागायच्या क्षणी, मीटरच्या दोन सुया थेट कॉईलच्या टोकांवर ठेवा. बॅटरीवर नको. तो आकडा आणि तारेची लांबी-जाडी लिहून पाठवा, कोणती तार घालायची ते मी हिशेब करून सांगते.